पॉवर सप्लायमध्ये नियंत्रणाची सूत्रे व्होल्टेज आणि प्रवाह यांच्यात कशी बदलतात

प्रयोगशाळेतल्या डीसी पॉवर सप्लायवर दोन नॉब असतात आणि एकाने व्होल्टेज ठरते, दुसऱ्याने प्रवाह ठरतो, असे आपण सहज म्हणून जातो. हे विधान दिसते तितके खरे नाही, कारण ओहमचा नियम कोणालाही या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठरवू देत नाही. भाराचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणाचा, रोध एकदा ठरला, की व्होल्टेज ठरवणाऱ्याला जो प्रवाह वाहील तो स्वीकारावा लागतो आणि प्रवाह ठरवणाऱ्याला जे व्होल्टेज उभे राहील ते. म्हणून ते दोन नॉब प्रत्यक्षात दोन कमाल मर्यादा आखून देतात, आणि भाराची गाठ त्यांपैकी ज्या मर्यादेशी आधी पडते, तीच त्या क्षणी पॉवर सप्लायचे वर्तन ठरवते. व्होल्टेजची मर्यादा आधी आली तर सप्लाय स्थिर व्होल्टेज देतो, त्याला सीव्ही (कॉन्स्टंट व्होल्टेज) म्हणतात. प्रवाहाची आधी आली तर तो स्थिर प्रवाह देतो, ते सीसी (कॉन्स्टंट करंट). या दोहोंमधला बदल आपोआप होतो, आणि तो नेमका कसा होतो हा या लेखाचा विषय आहे. चांगला सप्लाय आणि सामान्य सप्लाय यांतला फरक या दोन अवस्थांच्या आकड्यांपेक्षा त्यांच्यामधल्या हस्तांतरात अधिक स्पष्ट दिसतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी बदलाची जागा निश्चित करू. समजा, व्होल्टेज १२ व्होल्टवर आणि प्रवाह १.५ अँपिअरवर लावला आहे. या दोन आकड्यांचा भागाकार ८ ओहम येतो, आणि हाच त्या मांडणीचा सीमारोध आहे. १० ओहमचा भार जोडला तर १२ व्होल्टला १.२ अँपिअर वाहतील, प्रवाहाची मर्यादा लांबच राहील आणि सप्लाय सीव्हीमध्ये असेल. ५ ओहमचा भार जोडला तर १२ व्होल्टला २.४ अँपिअर लागले असते. तितके मिळणार नाहीत, प्रवाह १.५ अँपिअरवर थांबेल आणि व्होल्टेज ७.५ व्होल्टपर्यंत उतरेल. आउटपुटचा आलेख काढला तर तो जवळजवळ काटकोनी आयत दिसतो: वरची आडवी रेघ १२ व्होल्टची, उजवीकडची उभी रेघ १.५ अँपिअरची आणि दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा. आडव्या रेघेवर सप्लायचा आउटपुट रोध शून्याकडे झुकलेला असतो आणि उभ्या रेघेवर तो अनंताकडे. म्हणजे एकाच जोडीच्या टर्मिनलवर, त्या छोट्याशा कोपऱ्यात, सप्लायला आपला स्वभाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलावा लागतो.

हा बदल करणारा स्वतंत्र असा कोणताही स्विच आत नसतो. ‘आता सीसीमध्ये जा’ असे सांगणारा निर्णायक घटकही नसतो. सरळ, म्हणजे लिनिअर, पॉवर सप्लायमध्ये कच्चा, म्हणजे अजून नियमन न झालेला, डीसी आणि आउटपुट यांच्यामध्ये एक पास ट्रान्झिस्टर असतो; सगळा प्रवाह त्यातूनच जातो. त्याच्या बेसला, म्हणजे नियंत्रणाच्या टोकाला, एक छोटा स्थिर प्रवाह सतत पुरवलेला असतो, आणि कोणी अडवले नाही तर तो प्रवाह ट्रान्झिस्टरला पूर्ण उघडा ठेवील. अडवण्याचे काम दोन एरर अँप्लिफायर करतात. पहिला आउटपुट व्होल्टेजच्या ठरावीक अंशाची संदर्भ व्होल्टेजशी तुलना करतो. दुसरा शंट रोधावर, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी त्याच्या वाटेत ठेवलेल्या छोट्या रोधावर, पडणाऱ्या व्होल्टेजची, म्हणजे पर्यायाने प्रवाहाची, दुसऱ्या संदर्भाशी तुलना करतो. दोघांचे आउटपुट एकेका डायोडमार्फत त्याच बेसला जोडलेले असतात, आणि डायोडची दिशा अशी असते की अँप्लिफायर बेसला केवळ खाली ओढू शकतो, वर ढकलू शकत नाही. साऱ्या रचनेचे मर्म या दोन डायोडांत आहे. भार हलका असताना प्रवाह मर्यादेपेक्षा कमी असतो. म्हणून प्रवाहाच्या अँप्लिफायरचे आउटपुट वर चढून बसते, त्याचा डायोड बंद होतो आणि बेसशी त्याचा संबंध उरत नाही. व्होल्टेजचा अँप्लिफायर मात्र बेस इतकाच खाली ओढून धरतो, की आउटपुट बरोबर १२ व्होल्ट राहावे. भार वाढत जाऊन प्रवाह १.५ अँपिअरला टेकला, की प्रवाहाचा अँप्लिफायर बेसला आणखी खाली ओढू लागतो. त्यामुळे आउटपुट १२ व्होल्टच्या किंचित खाली येते, व्होल्टेजच्या अँप्लिफायरला ‘आता ओढण्याची गरज नाही’ असे दिसते, त्याचे आउटपुट वर जाते आणि त्याचा डायोड बंद होतो. नियंत्रणाची सूत्रे हस्तांतरित झाली.

एकाच नळावर एकामागे एक दोन तोट्या बसवल्या तर पाणी जी तोटी अधिक बंद आहे तिच्या म्हणण्याप्रमाणे वाहते. इथला नियम तोच आहे. जो कमी मागतो, त्याचे चालते. दोन्ही अँप्लिफायर सदैव जागे असतात, दोघेही सतत मोजत असतात, आणि दर्शनी पट्टीवरचे सीव्ही-सीसी दिवे फक्त कोणाचा डायोड सध्या वाहता आहे एवढेच सांगतात. डायोडवर पडणारे सुमारे ०.६ व्होल्ट अचूकतेत काही बाधा आणत नाहीत, कारण डायोड फीडबॅकच्या वेढ्याच्या (आउटपुट मोजून चूक सुधारत राहणाऱ्या चक्राच्या) आत आहे. अँप्लिफायरचे प्रवर्धन एक लाख धरले तर ते ०.६ व्होल्ट इनपुटपाशी ६ मायक्रोव्होल्टएवढेच उरतात. म्हणूनच आलेखातला कोपरा इतका टोकदार येतो.

प्रवाहावर साधी मर्यादा घालणे आणि प्रवाहाचे नियमन करणे या दोन गोष्टींची मात्र गल्लत होऊ देऊ नये. बॉब विडलर यांनी रचलेल्या आणि १९६७ मध्ये बाजारात आलेल्या ७२३ या प्रसिद्ध रेग्युलेटर आयसीमध्ये प्रवाहमर्यादा एकाच ट्रान्झिस्टरवर अवलंबून असते: बाहेरच्या रोधावर सुमारे ०.६५ व्होल्ट पडले, की तो ट्रान्झिस्टर वाहू लागतो आणि पास ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळणारा प्रवाह हिरावून घेतो. संरक्षण म्हणून ही युक्ती उत्तम आहे, पण तिचा कोपरा गोलसर येतो, आणि तो ट्रान्झिस्टर वाहता करणारे हे बेस-एमिटर व्होल्टेज तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरत असल्यामुळे तापमान ५० अंशांनी वाढले तर मर्यादाही सुमारे १५ टक्क्यांनी खाली येते. फोल्डबॅक हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्यात व्होल्टेज कोसळू लागले की प्रवाहही मुद्दाम कमी केला जातो, आणि त्यामागे उष्णतेचे सबळ कारण असते. कच्चा पुरवठा २० व्होल्टचा असेल आणि १२ व्होल्टला १.५ अँपिअर वाहत असतील, तर पास ट्रान्झिस्टरमध्ये १२ वॅट जिरतात. त्याच प्रवाहावर आउटपुट शॉर्ट केले, तर आउटपुटवर काहीच उरत नाही आणि जवळजवळ सगळे ३० वॅट ट्रान्झिस्टरच्या अंगावर येतात. फोल्डबॅक हा बोजा टाळतो, पण त्या बदल्यात उपयुक्त अशी सीसी अवस्थाच गमावतो, आणि काही भारांबरोबर तो खाली अडकूनही बसतो. ज्याला खरा सीसी हवा आहे त्याने ३० वॅटचा हीटसिंक द्यावाच लागतो. त्यावर दुसरा स्वस्त तोडगा लिनिअर रचनेत नाही, फार तर कच्चा पुरवठा टप्प्याटप्प्याने बदलता येतो.

इथपर्यंतचे विवेचन स्थिर स्थितीचे झाले. खरी परीक्षा काळाच्या मितीत आहे. वर म्हटले, की ज्या अँप्लिफायरचे चालत नाही त्याचे आउटपुट ‘वर चढून बसते’. ते किती वर चढते? कोणी रोखले नाही तर थेट त्याच्या पुरवठ्याच्या टोकापर्यंत. स्थैर्यासाठी त्याच्या फीडबॅकमध्ये कपॅसिटर असतो, तोही त्या टोकापर्यंत चार्ज होऊन बसतो. आता सूत्रे परत हाती घ्यायची वेळ आली, तर त्याला आधी तो साचलेला चार्ज उतरवावा लागतो, मग डायोड वाहता होतो आणि मगच नियंत्रण सुरू होते. मधल्या काळात आउटपुटला कोणी वाली नसतो.

हा काळ सीव्हीकडून सीसीकडे जाताना त्रासदायक असतो, पण सीसीकडून सीव्हीकडे येताना तो खरोखर धोकादायक ठरतो. आपल्याच उदाहरणात ५ ओहमचा भार ७.५ व्होल्टवर १.५ अँपिअर घेत आहे आणि त्याची तार अचानक सुटली, असे समजा. प्रवाहाचा अँप्लिफायर अजूनही १.५ अँपिअर मागतो आहे, आणि आउटपुट कपॅसिटर शंटच्या पुढे जोडलेला असेल तर तो सगळा प्रवाह आता त्या कपॅसिटरमध्ये शिरतो. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा असेल तर व्होल्टेज दर मायक्रोसेकंदाला १५ मिलिव्होल्टने चढते. ७.५ पासून १२ व्होल्टपर्यंत पोहोचायला ३०० मायक्रोसेकंद लागतात. पण या ३०० मायक्रोसेकंदांत व्होल्टेजचा अँप्लिफायर जागेवरून हलतच नाही, कारण त्याच्या दृष्टीने आउटपुट अजून कमीच आहे. १२ व्होल्ट ओलांडल्यावर त्याचा परतीचा प्रवास सुरू होतो, आणि त्याला समजा १०० मायक्रोसेकंद लागले, तर आउटपुट १३.५ व्होल्टपर्यंत गेलेले असते. याहून वाईट गोष्ट अशी, की साधा पास ट्रान्झिस्टर प्रवाह देऊ शकतो, परत ओढून घेऊ शकत नाही. वर गेलेले व्होल्टेज खाली आणायला आतला ब्लीडर रोध (आउटपुटवर कायम जोडलेला, साठलेला चार्ज उतरवणारा रोध) किंवा भार एवढेच मार्ग उरतात, आणि भार तर नुकताच सुटलेला आहे. ३.३ व्होल्टचे मंडल तपासताना हाच प्रकार झाला, तर एखाद्या नाजूक आयसीला तेवढे पुरते.

उपाय जुने आणि चांगले माहीत असलेले आहेत, तरी कित्येक स्वस्त सप्लायमध्ये आणि घरी बांधण्यासाठी प्रसिद्ध होणाऱ्या आराखड्यांमध्ये ते दिसत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. पहिला उपाय क्लँपचा: निष्क्रिय अँप्लिफायरभोवती डायोड किंवा झेनर (ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) असे जोडायचे, की त्याचे आउटपुट सक्रिय पातळीच्या थोडेसेच वर जाऊ शकेल, म्हणजे परत येताना त्याला काही दशांश व्होल्टचेच अंतर कापावे लागेल. दुसरा उपाय अधिक देखणा आहे. फीडबॅकमध्ये कपॅसिटर असलेला एरर अँप्लिफायर म्हणजे इंटिग्रेटर; त्याचा कपॅसिटर अँप्लिफायरच्या स्वतःच्या आउटपुटला न जोडता डायोडांच्या पलीकडच्या सामाईक बिंदूच्या बाजूने अशा रीतीने बांधायचा, की सत्ता कोणाचीही असो, दोन्ही इंटिग्रेटरांना प्रत्यक्ष बेस कुठे आहे हे ठाऊक राहावे. रासायनिक कारखान्यांतल्या प्रक्रिया-नियंत्रणात दोन कंट्रोलर एकाच व्हॉल्व्हवर ‘लो सिलेक्ट’ पद्धतीने, म्हणजे जो कमी मागतो त्याचे चालेल अशा रीतीने, जोडतात, तिथे नेमका हाच प्रश्न येतो आणि त्याचे उत्तरही हेच असते. तापमान आणि दाब यांच्यासाठी मिनिटांच्या गतीने चालणारी ती यंत्रणा आणि मायक्रोसेकंदांत चालणारा हा सप्लाय यांचे गणित एक असावे, ही गोष्ट मला नेहमीच आनंद देते.

आउटपुट कपॅसिटरचा वर उल्लेख आलाच आहे. त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण दोन अवस्थांच्या अपेक्षा त्याच्या बाबतीत थेट विरोधी आहेत. सीव्हीला मोठा कपॅसिटर आवडतो: भार अचानक वाढला तर तो क्षणभर सांभाळून घेतो आणि व्होल्टेजचा वेढा स्थिर ठेवायलाही मदत करतो. सीसीच्या दृष्टीने मात्र तोच कपॅसिटर अडथळा आहे, कारण आत साठलेल्या चार्जवर प्रवाहाच्या अँप्लिफायरची सत्ता चालत नाही. याचे सर्वांत परिचित उदाहरण एलईडीचे. प्रवाह २० मिलिअँपिअर आणि व्होल्टेज १२ व्होल्ट लावून, आउटपुट चालू ठेवूनच, ३ व्होल्टचा पांढरा एलईडी जोडला, तर अनेकांना वाटते की सीसी त्याचे रक्षण करील. पण ४७० मायक्रोफॅरडचा आउटपुट कपॅसिटर १२ व्होल्टला चार्ज होऊन बसलेला असतो, आणि १२ पासून ३ व्होल्टपर्यंत उतरताना तो ४.२ मिलिकुलंब चार्ज एलईडीत ओततो. ठरलेल्या २० मिलिअँपिअरने तेवढा चार्ज वाहायला २०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला असता. प्रत्यक्षात तो तारा आणि एलईडी यांच्या तुटपुंज्या रोधातून फार थोड्या वेळात निघून जातो. सप्लायने काहीच चूक केलेली नसते, तरी एलईडी जातो. म्हणून एलईडी आउटपुट बंद असताना जोडावा, किंवा व्होल्टेजची मर्यादा त्याच्या गरजेच्या किंचितच वर ठेवावी. सीसी वापरतानाही व्होल्टेजचा नॉब विचारपूर्वक लावावा लागतो, ही गोष्ट शिकवताना बहुधा राहून जाते.

काही भार असे असतात, की त्यांच्याबरोबर सप्लाय कोणत्याच अवस्थेत स्थिरावत नाही. स्विचिंग कन्व्हर्टरचे, म्हणजे वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणाऱ्या मंडलाचे, इनपुट हा त्यांतला सर्वांत बोलका नमुना आहे. तो स्थिर शक्ती मागतो. व्होल्टेज कमी झाले की त्याचा प्रवाह वाढतो. १० वॅट घेणारा कन्व्हर्टर १२ व्होल्टला साधारण ०.८३ अँपिअर घेतो, तेव्हा १ अँपिअरची मर्यादा पुरेशी वाटते. पण तो ६ व्होल्टला जागा होत असेल तर त्या क्षणी त्याला १.६७ अँपिअर हवे असतात. ते मिळत नाहीत, व्होल्टेज कोसळते, कन्व्हर्टर बंद पडतो, त्याबरोबर प्रवाह नाहीसा होतो, व्होल्टेज पुन्हा चढते आणि हेच चक्र चालू राहते. सीव्ही आणि सीसी हे दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकत राहतात. प्रवाहाची मर्यादा १ अँपिअर असेल तर १० व्होल्टच्या खाली १० वॅट मिळणेच शक्य नाही, इतका हा सरळ हिशेब आहे. कन्व्हर्टरला सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे हळूहळू सुरू होण्याची सोय, असेल तर तो या सापळ्यातून निसटू शकतो. नसेल तर सुरुवातीपुरती मर्यादा वाढवावी लागते. मोटरचे तसे नाही. सुरू होताना ती कितीतरी अधिक प्रवाह मागते, पण सीसीमध्ये ती ठरलेल्या प्रवाहाएवढ्या जोराने सावकाश वेग घेते, आणि वेग वाढला की प्रवाह आपोआप उतरून सप्लाय सीव्हीमध्ये येतो.

हस्तांतर सर्वांत शांतपणे पाहायचे असेल तर लिथियम-आयन बॅटरीचे चार्जिंग पाहावे. २००० मिलिअँपिअर-अवर क्षमतेच्या सेलसाठी ४.२ व्होल्ट आणि १ अँपिअर अशा मर्यादा लावल्या, की रिकामा सेल व्होल्टेजला खाली धरून ठेवतो आणि सप्लाय सीसीमध्ये १ अँपिअर देत राहतो. सेलचे व्होल्टेज हळूहळू चढते आणि टर्मिनलवर ४.२ व्होल्ट आले की सूत्रे व्होल्टेजच्या अँप्लिफायरकडे जातात. त्या क्षणी सेल पूर्ण भरलेला नसतो; ४.२ व्होल्टमधला काही भाग त्याच्या अंतर्गत रोधावर पडत असतो. पुढे प्रवाह जसजसा उतरतो तसतसा तो भाग कमी होतो आणि सेलचे खरे व्होल्टेज ४.२ जवळ सरकते. टीपी४०५६ सारखी चार्जर आयसी प्रवाह ठरलेल्या मूल्याच्या एक दशांशावर आला की चार्जिंग थांबवते. साधा बेंच सप्लाय हे करत नाही, तो ४.२ व्होल्ट अनिश्चित काळ धरून ठेवतो, त्यामुळे थांबवण्याची जबाबदारी माणसाची असते. सप्लाय आधी बंद करून बॅटरी तशीच जोडून ठेवणेही योग्य नाही, कारण बॅटरीतून उलटा प्रवाह सप्लायच्या आतल्या ब्लीडर रोधातून आणि व्होल्टेजचा अंश मोजणाऱ्या विभाजकातून वाहत राहतो. मध्ये डायोड टाकला तर हा प्रवाह थांबतो, पण डायोडवर पडणाऱ्या व्होल्टेजमुळे ४.२ची अचूकता जाते. तेव्हा चार्जिंग संपल्यावर तार काढून ठेवावी, हे सर्वांत साधे.

स्विचिंग सप्लायमध्ये पास ट्रान्झिस्टरची जागा ड्यूटी सायकल (स्विच चालू राहण्याच्या वेळेचे प्रमाण) घेते, बाकी तत्त्व बदलत नाही. टीएल४९४ या नियंत्रकात दोन एरर अँप्लिफायर आतच एकत्र जोडलेले असतात, आणि जो कमी ऑन-टाइम मागतो त्याचे चालते. एक्सएल४०१५ वर बांधलेल्या सीसी-सीव्ही मॉड्यूलमध्ये दुसरा अँप्लिफायर बाहेरून येतो: प्रवाह मर्यादेला पोहोचला की एक ऑप-अँप (सर्वसाधारण अँप्लिफायर आयसी) डायोडमार्फत आयसीची आउटपुट मोजणारी फीडबॅक पिन वर ओढतो आणि व्होल्टेज आधीच पुरेसे झाले आहे असे आयसीला भासवतो. दर्शनी भागावर कळफलक आणि पडदा असलेल्या चांगल्या सप्लायमध्येही मायक्रोकंट्रोलर बहुतेक वेळा दोन संदर्भ व्होल्टेज तयार करून देण्यापुरता असतो. हस्तांतर जर सॉफ्टवेअरच्या मोजणीवर सोपवले, तर शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर तितका वेळ वाट पाहत नाही.

एखादा सप्लाय या बाबतीत कसा आहे हे पाहायला फार साधने लागत नाहीत; ऑसिलोस्कोप मात्र हवा, कारण सप्लायवरचे मीटर सेकंदातून काही वेळाच ताजे होतात आणि मिलिसेकंदातला उसळता भाग त्यांना दिसत नाही. ५ व्होल्ट आणि १ अँपिअर लावावे, आउटपुट जाड तारेने शॉर्ट करावे, सीसीचा दिवा लागला आहे याची खात्री करावी. ऑसिलोस्कोपचा ट्रिगर चढत्या कडेवर, ५.२ व्होल्टवर, एकाच नोंदीसाठी लावावा आणि तार एका झटक्यात काढावी. ट्रिगर झालाच नाही, तर त्या मांडणीत निष्क्रिय अँप्लिफायरला नीट आवरलेले आहे. झाला, तर शिखर किती उंच गेले आणि व्होल्टेज खाली यायला किती वेळ लागला हे दोन्ही टिपून ठेवावे, कारण पहिला आकडा क्लँपविषयी सांगतो आणि दुसरा ब्लीडरविषयी. चाचणी प्रवाहाच्या कमाल मर्यादेवरही करावी, तिथे कपॅसिटर सर्वांत वेगाने चढतो; आणि शॉर्टऐवजी सीमारोधाच्या थोड्या खालच्या रोधापासूनही करावी, कारण काही सप्लाय शून्यापासून नीट वर येतात, पण कोपऱ्याच्या अगदी जवळून सुटताना उसळी घेतात.